चित्राखालच्या सहा ओळी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. जरीपटक्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, सांगतील. बाबांशी वाजलं की आमच्या फ्रेमांच्या दुकानात मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडेही बघत नसे. नुसतं हो हो करायचं, चिठ्ठी लिहायची, काम टेबलावर ठेवायचं, की झालं. त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं ते मशीनवरून. फ्रेमची पट्टी कापायचं मशीन घ्या म्हणून मी महिनाभर मागे लागले होते आणि बाबांचं आपलं एकच, हात शाबूत आहेत तोवर मशीन कशाला. मी तणतणत काउंटरवर बसले होते, तेवढ्यात काकू आल्या.

काकू म्हणजे साठीच्या पुढच्या एक बाई. त्यांचे मिस्टर कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. सगळा संसार तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये झाला आणि रिटायर झाल्यावर दोघं आमच्या भागात फ्लॅट घेऊन राहायला आले. चादरीत गुंडाळलेलं एक बाड त्यांनी काउंटरवर सोडलं आणि इतकी चिडलेली असूनही मी बघतच राहिले.

सहा चित्रं होती. फ्रान्समधली, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची. दगडावर चित्र काढायचे, त्याचा कागदावर छाप घ्यायचे आणि मग वरून हाताने रंग भरायचे, तसली. लिथोग्राफ म्हणतात. सगळी राजवाड्यांच्या आणि बड्या घरांच्या आतली. एकात लाल मखमलीच्या खुर्च्यांच्या रांगा. एकात छताला टांगलेलं झुंबर, त्यातली मेणबत्ती न् मेणबत्ती वेगळी दिसेल इतकं बारीक काम. एकात भिंतभर पुस्तकं आणि त्यांना टेकवलेली शिडी. एकात पडदे सोडलेला पलंग. एकात उंच खिडकी, बाहेर बाग. आणि शेवटच्यात एक लहानशी खोली, लिहायचं टेबल, आरसा आणि अर्धवट उघडं दार. गालिच्याची नक्षी काय, जमिनीच्या फळ्यांवर पडलेला उजेड काय, आरशात दिसणारी पलीकडची खोली काय! माणूस मात्र एकाही चित्रात नव्हता. सदर भागातला कुठलासा जुना बंगला रिकामा झाला, तेव्हा काकूंच्या मिस्टरांनी ती रद्दीवाल्याकडून उचलून आणली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट.

प्रत्येक चित्राखाली चार बोटं पांढरी जागा सोडलेली होती. तिथे फ्रेंचमध्ये काहीतरी छापलेलं आणि त्याच्याखाली शिसपेन्सिलीने मराठीत एकेक ओळ. ती मिस्टरांच्या हातची. क्वार्टरमध्ये बसून नव्या बायकोला हसवायला त्यांनी त्या लिहिल्या होत्या. खुर्च्यांखाली लिहिलं होतं, ‘चोवीस खुर्च्या, आपण दोघं. रोज जागा बदलून बसू.’ झुंबराखाली, ‘लाईट गेली तरी चिंता नाही.’ पुस्तकांखाली, ‘वाचणारा चहाला गेला आहे.’ पलंगाखाली, ‘मच्छरदाणी झकास, धुणार कोण?’ खिडकीखाली, ‘इथून राख दिसत नाही.’ कोराडीला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरही वीज केंद्राची राख बसायची, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. आणि लहान खोलीखाली, ‘ही खोली तुझी. दार वाजवूनच येईन.’

वर्षापूर्वी मिस्टरांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. पाणी म्हणता येईना, बायकोला हाक मारता येईना. महिना-दोन महिने काकू सगळं करून थकल्या आणि एक दिवस सहज ही चित्रं त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि ती वाचली. अडखळत, पण मोठ्याने, स्पष्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, आतलं जुनं काही शिल्लक राहतं. रोज वाचून घ्या, खंड पडू देऊ नका, फुटलं तर यातूनच पुढचं बोलणं फुटेल. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता, चहाच्या आधी, सहा चित्रं आणि सहा ओळी. एवढंच काय ते त्यांचं बोलणं उरलं होतं. पण डाव्या हाताने धरून धरून कागद कडेने फाटायला लागले, एकावर वरण सांडलं, म्हणून आता ती काचेत बसवून पलंगासमोर टांगायची होती.

हे सगळं काकूंनी मला काउंटरवरच सांगितलं. मी ऐकलं. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे मीच काहीतरी पळवाट काढेन.

जाताना त्यांनी दोनदा बजावलं, “खालचं लिहिलेलं दिसलं पाहिजे वं. चित्र थोडंसं कमी आलं तरी चालन.”

मी हो हो म्हटलं. चिठ्ठीवर लिहिलं: सहा चित्रं, काळी पट्टी, काच, शनिवार. पुढे ‘खालचं लिखाण ठेवणे’ एवढं लिहायला काय झालं होतं मला? काही झालं नव्हतं. आतून बाबांनी विचारलं, काय आलं वं, आणि मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. मी बाड त्यांच्या टेबलावर ठेवलं, चिठ्ठी वर खोचली आणि तोंड फिरवून बाहेर आले.

आता बाबांचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. चाळीस वर्षं ते फ्रेमा करतात. आमच्याकडे निम्मं काम कॅलेंडरच्या चित्रांचं. बुद्धाचं चित्र असो, निळ्या कोटातली तसबीर असो, नाहीतर देवीचं असो, खाली कुठल्यातरी किराणावाल्याचं नाहीतर सिमेंटवाल्याचं नाव छापलेलं असतं. त्याच्याखाली घरच्या बाईने दुधाचे खाडे लिहिलेले, सिलिंडर कधी लावला ते लिहिलेलं. बाबांचा नेम असा, की चित्राखालचं लिखाण कापायचं. पूज्य माणसाच्या पायाशी दुकानाची जाहिरात ठेवून भिंतीवर टांगणं त्यांना अपमान वाटतो. दुसरे फ्रेमवाले तशीच बसवून देतात, बाबा कधी देत नाहीत. लोक लांबून येतात ते त्यासाठीच. आणि चिठ्ठीवर नाही ते त्यांच्या लेखी नाही.

त्यांनी काकूंची सहाही चित्रं तशीच केली. पोलादी पट्टी लावून, एका हाताने, एका रेषेत. फ्रेंच छापील मजकूर म्हणजे कोणा कंपनीचं नाव आणि फिकट पेन्सिल म्हणजे दुधाचे खाडे.

शनिवारी काकू आल्या. चित्रं काय सुरेख दिसत होती, काळ्या पट्टीत ते लाल, ते सोनेरी उठून दिसत होतं. बाबा स्वतः बाहेर आले होते, कौतुक ऐकायला. काकूंनी पहिली फ्रेम उचलली, खाली पाहिलं, दुसरी उचलली, खाली पाहिलं. सहाच्या सहा पाहून झाल्यावर त्या स्टुलावर बसल्या.

“खालचं कुठं गेलं, भाऊ?”

“कापलं बाई. चांगलं दिसत नाही ते.”

काकू बाबांना सांगू लागल्या, की त्या ओळी काय होत्या, मिस्टर कसे वाचायचे, दुकानात या मुलीला कसं दोनदा सांगून गेल्या होत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या खिळ्याला खोचलेल्या चिठ्ठ्यांतून त्यांनी ती चिठ्ठी काढली, चष्मा लावून वाचली आणि घडी करून शर्टाच्या खिशात टाकली.

“हिनं सांगितलं होतं मले,” ते म्हणाले. “माह्याच ध्यानातून गेलं. चूक माही आहे.”

मी बोलू शकले असते. एवढी फटकळ मी, भाजीवाल्याशी दहा मिनिटं हुज्जत घालणारी, आणि मला तिथे एक वाक्य सुचलं नाही. काकूंनी बाबांकडे असं पाहिलं की ते खाली बघू लागले. रिक्षात फ्रेमा ठेवायला मी मदत केली तेव्हा त्या मला म्हणाल्या, तुझा काय दोष, तू सांगितलं होतंस.

कापलेल्या पट्ट्या मी केराच्या टोपलीत शोधल्या. नव्हत्या. बाबा म्हणाले, तसला कागद आपण जन्मात पाहिला नव्हता, कापडासारखा चिवट, फेकवेना. फ्रेमच्या मागे पुठ्ठा आणि लाकूड यांच्यात फट राहते, तिच्यातून धूळ आणि झुरळं जातात, म्हणून तिच्यावर खळीने कागद चिकटवतात. एरवी वर्तमानपत्राची पट्टी असते. त्या आठवड्यात जी कामं गेली त्यांच्या पाठीवर बाबांनी हा कागद लावला होता, गिऱ्हाइकाला टिकाऊ माल मिळावा म्हणून. कोणाच्या फ्रेमवर कुठली पट्टी, हे त्यांना अर्थातच सांगता येत नव्हतं.

रविवारी मी काकूंकडे गेले ते तोंड दाखवायला नव्हे, काय झालं ते बघायला. चित्रं पलंगासमोर लावून झाली होती. चार वाजता काकूंनी एक फ्रेम उतरवून मिस्टरांच्या मांडीवर ठेवली. उंच, हडकुळे गृहस्थ, दाढी नीट केलेली. त्यांनी चित्राखाली बोट ठेवलं. तिथे काळी पट्टी होती. त्यांनी बोट डावीकडून उजवीकडे नेलं, पुन्हा डावीकडे आणलं, आणि काकूंकडे पाहिलं. काकूंना ओळी तोंडपाठ होत्या. त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून तो कागद काचेखाली चिकटवूनही पाहिला होता. मिस्टरांनी त्या कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. अक्षर त्यांचं नव्हतं. ते पुन्हा लाकडावरच बोट फिरवत राहिले आणि घशातून नुसता घर्र आवाज आला. मला वाटलं, आता इथेच मेले तर बरं.

सोमवारपासून मी ओलं फडकं, बोथट सुरी आणि प्लास्टिकचा फोल्डर घेऊन हिंडायला लागले. त्या आठवड्याची पाच गिऱ्हाइकं आम्हाला ठाऊक होती. पहिलं घर पलीकडच्या गल्लीतलं, लग्नाचा फोटो. फ्रेम पालथी घातली, पट्टीवर ओलं फडकं पाव तास ठेवलं आणि सुरी घातली. कीड लागू नये म्हणून खळीत घालतात त्या मोरचुदाने कागद निळसर झाला होता, पण तो फाटला नाही. आतल्या बाजूला पेन्सिल जशीच्या तशी होती. चोवीस खुर्च्या. त्या नव्या नवरीसमोर मी ढसाढसा रडले, आणि तिने घाबरून सासूला बोलावलं. सासूने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, आमच्या बाबांकडून चूक झाली.

हे वाक्य मी त्या दिवसांत प्रत्येक दारात म्हटलं. टेलरकडे म्हटलं, तिथे झुंबर आणि पुस्तकं अशा दोन ओळी एकाच फ्रेमच्या पाठीवर निघाल्या. टेलर म्हणाला, बाबांना आता घरी बसवा, वय झालं. मी मान हलवली. बसने काटोलला गेले, तिथल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याने गोदामाच्या पूजेचा फोटो आमच्याकडे मढवला होता. त्याने आधी साफ नाही म्हटलं. चांगली फ्रेम कोण खोलू देतं? मी पेट्यांवर बसून राहिले. लिलाव आटोपला, त्याचं जेवण झालं, तरी मी तिथेच. शेवटी त्याने वैतागून फोटो काढून दिला. तिथे खिडकीची ओळ निघाली. त्यालाही मी तेच सांगितलं, बाबांची चूक. परतीच्या बसमध्ये ते तिसऱ्यांदा की चौथ्यांदा म्हटलं हे मी मोजत होते. मोजून काय करणार होते देव जाणे.

इकडे दुकानात बाबांनी कटरला हात लावणं सोडलं होतं. काम आलं की म्हणत, तू कर, माहा भरवसा नाही. तुम्हीच करा असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. मशीनचं नाव मात्र मी पुन्हा काढलं नाही, एवढीच काय ती लाज.

चौथं घर सगळ्यात कठीण. तिथे आजोबा वारले होते, त्यांचाच फोटो. भिंतीवर हार घातलेला, समोर दिवा. घरच्या सुनेने हात जोडले, तेरवी होईपर्यंत फोटो हलवायचा नाही, माणसाचा जीव अडकतो म्हणतात. तेरवीला अजून सहा दिवस होते. मी म्हटलं, इकडे जिवंत माणसाचा अडकलाय. तिला ते लागलं, पण फोटो काही तिने उतरवला नाही. कोणत्या तोंडाने मी तिला दोष देऊ? सहा दिवस म्हणजे सहा वेळा दुपारचे चार वाजणार, मी रोज मोजायची.

तोवर चार पट्ट्या होत्या, त्या मी काकूंना लगेच नेऊन द्यायला हव्या होत्या. नेल्या नाहीत. सगळ्या एकदम नेईन म्हणत राहिले. खरं कारण असं, की रिकाम्या हाताने सोडाच, अर्धवट काम घेऊनही त्या बाईसमोर जायची माझी छाती नव्हती. सगळं परत दिलं तर खरं सांगावं लागणार नाही, असं माझं गणित होतं. डॉक्टरीणबाईंनी खंड पडू देऊ नका म्हटलं होतं, ते मला पाठ होतं, आणि तरीही मी चार ओळी आठवडाभर कपाटात ठेवल्या.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी फोटो मिळाला. लहान खोलीची ओळ त्याच्या मागे होती. पाचवं गिऱ्हाईक रायपूरचं, वाटेत थांबून काम करून घेऊन गेलेलं, त्याचा ठावठिकाणा लागला नाही. पलंगाची ओळ त्याच्याबरोबर गेली. दुपारी मी निघाले तेव्हा बाबा दुकानाच्या पायरीवर बसले होते. ते उठले, चप्पल घातली, काढली, पुन्हा बसले.

“माह्याकडून माफी माग त्याईची,” म्हणाले. “मी आलो असतो, पण त्या बाईच्या डोळ्याले डोळा देववत नाही मले.”

काकूंनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच सांगून टाकलं. चिठ्ठीवर लिहिलं नाही, बाबांना सांगितलं नाही, मी बाबांवर रुसले होते, ते खोटं बोलले माझ्यासाठी. फोल्डर पुढे केला आणि म्हटलं, चार पट्ट्या तर गेल्या आठवड्यापासून माझ्याकडे होत्या.

काकूंनी फोल्डर घेतला. त्या ओरडल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या ओरडल्या नाहीत.

“हे आता काहून सांगून राहिली?” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्या माणसावर राग धरला होता मी. शिव्या दिल्या मनात. आता तो राग कुठं नेऊ?”

मग बाजूला होऊन त्यांनी मला आत घेतलं.

मिस्टर भिंतीला टेकून बसले होते. दोन आठवड्यांत गाल आत गेले होते. काकूंनी एकेक पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली, त्या त्या चित्राची फ्रेम उतरवून शेजारी धरली. खुर्च्या. झुंबर. पुस्तकं. खिडकी. त्यांनी पट्ट्या पाहिल्या. ओळखल्या, हे डोळ्यांवरून कळत होतं. बोट ठेवलं. ओठ हलले. आवाज नाही. काकू म्हणत होत्या, वाचा ना, वाचा, चोवीस, चोवीस काय? ते तोंड उघडत आणि पुन्हा मिटत. कपाळावर घाम आला होता.

“मी वाचून वाचून थकली,” काकू मला म्हणाल्या. “माह्या तोंडून ऐकून ऐकून त्याईलेही कंटाळा आला असन. तू वाच.”

शेवटची पट्टी माझ्याच हातात होती. निळसर, कडेला खळीचे पापुद्रे. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि जमेल तितक्या स्पष्ट आवाजात वाचलं, “ही खोली तुझी. दार वाजवूनच येईन.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ ते पट्टीकडे बघत होते, आता सरळ माझ्या तोंडाकडे. मग डावा हात पुढे आला आणि त्यांनी ती पट्टी माझ्या बोटांतून ओढून घेतली. जोर होता त्या हातात. पट्टी मुठीत चुरगळली, मूठ छातीशी धरली आणि मान भिंतीकडे वळवली.

मी घाबरून म्हटलं, काकू, फाटेल ती. काकू त्यांची बोटं उघडायला वाकल्या. एक बोट उघडलं, दुसरं उघडलं, आणि मग त्यांनी स्वतःच ती दोन्ही बोटं पुन्हा मिटवली. आपला हात त्या मुठीवर ठेवून त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

“राहू दे वं,” म्हणाल्या. “त्याईचं अन् माहं आहे ते.”

त्यानंतर मिस्टरांच्या तोंडून कुठलाही शब्द आला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. मी चप्पल घातली तेव्हा काकूंनी वर पाहिलं नाही. दार मी बाहेरून ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून हळू.